बाणाला बॉर्डर हवी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक शिक्षणावर लेख आला होता. मेहनतीनं लिहिलेला होता. पण आमच्या वयाची माणसं संगणकापुढं बिचकतात ती यंत्राच्या भीतीनं, असं त्यात म्हटलं होतं, ते काही पटलं नाही. २००५ चा आणि २०१९ चा पूर सांगलीच्या गावभागात राहून बघितलेली माणसं आम्ही, माउसला काय भिणार? अडचण साधी आहे. माउसबरोबर पडद्यावर फिरणारा बाण, पोरं कर्सर म्हणतात तो, दिसत नाही. दिसत नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, मग हात आखडतो. बघणाऱ्याला वाटतं, आजोबा घाबरले.

हे मी कुठल्या अधिकारानं सांगतोय ते आधी सांगतो. मी पेंटर. चित्रकार नव्हे, पाट्या रंगवणारा. १९७८ साली, सोळाव्या वर्षी, उस्तादांच्या हाताखाली डबे धुवायला लागलो. गणपती पेठेतल्या दुकानांच्या पाट्या, मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांची नावं, ट्रकची फाळकी, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. पुढं फ्लेक्स आला आणि ब्रश सुटला. घर चालवायचं तर शिकणं भाग होतं, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी संगणकावर डिझाइन करायचा कोरल ड्रॉ हा प्रोग्राम शिकलो. तेव्हापासून एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवस, दहावे, शोरूमची उद्घाटनं. ब्रश गेला, माउस आला, पण काम बदललं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला अक्षर दिसलं पाहिजे, एवढंच काम.

पाटी झाली की उस्ताद मला रस्त्यापलीकडं पाठवायचे. म्हणायचे, डोळे बारीक करून बघ आणि काय गायब होतंय ते येऊन सांग. डोळे बारीक केले की रंग मावळतात, उजेड आणि काळोख तेवढा उरतो. लालवर हिरवं अक्षर जवळून काय भडक दिसतं! डोळे बारीक केले की दोन्ही सारखंच काळपट, अक्षर सापडतच नाही. मी परत येऊन सांगायचो, नाव गायब होतंय. ते म्हणायचे, मग बॉर्डर मार त्याला.

ट्रकच्या मागं तर बॉर्डरशिवाय भागायचंच नाही. फाळक्यावर डोंगर, ढग, उगवता सूर्य, मोर, आणि या सगळ्यावरून मालकाच्या आईचं नाव जाणार. एकच अक्षर निम्मं पांढऱ्या ढगावर, निम्मं काळ्या डोंगरावर. पांढऱ्यानं लिहावं तर ढगात बुडतं, काळ्यानं लिहावं तर डोंगरात. म्हणून पांढरं अक्षर आणि त्याला काळी बॉर्डर. डोंगरावर अक्षराचं पोट दिसतं, ढगावर बॉर्डर दिसते. तासगाव रस्त्यावरच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात, दुभाजकाला काळं-पांढरं मारतात, तेही याचसाठी. मागं काय असेल त्याचा भरवसा नाही, तर दोन्ही रंग देऊन ठेवा.

माउसचा बाण म्हणजे असंच अक्षर आहे, फक्त ते दिवसभर पळत असतं. आत्ता पांढऱ्या फॉर्मवर, पुढच्या क्षणी निळ्या पट्टीवर, मग कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोवर. म्हणून विंडोजमध्ये तो पांढरा असून त्याला काळी बॉर्डर असते. ॲपलच्या मॅकमध्ये काळा असून पांढरी बॉर्डर, १९८४ च्या पहिल्या मॅकपासून तशीच. ही बॉर्डर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी पेंटर असून माझ्याही आली नव्हती. ती आली त्या वर्गात.

दिवाळीनंतर आमच्या भागात ज्येष्ठांसाठी मोफत वर्ग भरला. भरवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण हेतू चांगला होता आणि चहाही चांगला होता. हॉलमध्ये पंचवीस-तीस जण. शिकवणारा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, तोंडाचा गोड. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टर, पश्चिमेची खिडकी सताड उघडी, पडदा नाही. त्या दिवशी पेन्शनच्या कामांचे ऑनलाइन फॉर्म भरायला शिकवणार होते. भिंतीवर पांढरा फॉर्म, फिक्या करड्या रेघांचे रकाने. मुलगा म्हणतोय, ‘इथं क्लिक करायचं, मग इथं यायचं, मग हे खाली ओढायचं.’ सगळे माना हलवतायत.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत. रकाने भरले जाताना दिसत होते, बाण कुठंच नव्हता. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना हळूच विचारलं, ‘तुम्हाला बाण दिसतोय का?’ ते म्हणाले, ‘कुठला बाण?’ त्यांची समजूत अशी झाली होती, की मुलगा तोंडानं सांगतोय तसं यंत्र ऐकतंय. अर्धा तास ते त्याच समजुतीवर माना हलवत होते. त्यांना हसू नका. समोर जे दिसत होतं त्यावरून कुठल्याही शहाण्या माणसानं तोच अर्थ काढला असता.

मी उठून विचारलं, ‘सर, बाण कुठं आहे?’ मुलगा म्हणाला, ‘हा काय काका,’ आणि त्यानं तो गोल गोल फिरवला. फिरवला तेव्हा चुन्याच्या भिंतीवर मुंगी वळवळावी तसं काहीतरी दिसलं. थांबला की पुन्हा गुडूप.

चहाच्या सुट्टीत मी खिशातली टेप काढली. ती अजून खिशात असते, सवय. भिंतीवरचं चित्र सहा फूट रुंद. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं; मुलाला विचारलं तर हे आडवं १०२४ ठिपक्यांचं. म्हणजे एक ठिपका पावणेदोन मिलिमीटरचा. विंडोजचा नेहमीचा बाण उंचीला १९ ठिपके असतो, म्हणजे भिंतीवर सव्वा इंचापेक्षा जरासा जास्त. त्याची बॉर्डर एक ठिपका. उस्तादांचा हिशेब होता, दहा फुटाला एक इंच अक्षर. मी बसलो होतो तीस फुटांवर, म्हणजे तीन इंच हवं. सव्वा इंचाचं अक्षर काढून मी ते रस्त्यापलीकडून वाचायला सांगितलं असतं तर उस्तादांनी घासलेटचा बोळा हातात दिला असता.

आणि मुख्य गोम पुढंच आहे. प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही! जिथं काळं दाखवायचं तिथं तो उजेड टाकत नाही, बस. तिथं भिंत जशी आहे तशीच दिसणार. हॉलमध्ये अंधार असेल तर ती काळी वाटते, खिडकीतून उन्हं आली की ती पांढुरकी. पांढरा बाण, पांढरा फॉर्म, आणि दोघांच्या मधली काळी बॉर्डर उन्हानं पुसलेली. राहिलं काय?

मुलानं मोकळ्या मनानं लॅपटॉप माझ्याकडं दिला. सेटिंग्जमध्ये जाऊन बाण मोठा केला. तिथं एक ते पंधरापर्यंत सरकवायची पट्टी आहे, बाण एकवर होता, सहावर नेला. एरवी मी रंगाच्या भानगडीत पडत नाही, पण प्रोजेक्टरवर काळ्याचा भरवसा नसल्यानं पोटात लाल भरला. दोघांनी मिळून खिडकीला सतरंजी लावली. बाण भिंतीवर उमटला तसं मागून एक आजी म्हणाल्या, ‘आगं बया, ह्यो हाय व्हय त्यो!’ आणि एसटीवाले काका खुर्ची पुढं ओढून म्हणाले, ‘आता पहिल्यापासनं सांगा बघू.’ वर्ग पहिल्यापासनं झाला. त्या दिवशी दोघातिघांनी स्वतःच्या हातानं माउस धरला, ज्यांना यंत्राची भीती आहे म्हणतात त्यांनीच.

घरी येऊन पुतण्यापुढं हे सगळं मांडलं. तो वेबसाइट बनवतो. म्हणाला, काका, तुमचं डोळे बारीक करणं आमच्याकडं आकड्यात आहे. दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर काढायचं सूत्र असतं. काळा आणि पांढरा यांच्यात ते २१ ला १, यापेक्षा जास्त होतच नाही. वेबसाइटवरची बटणं आणि चिन्हं दिसावीत म्हणून किमान ३ ला १ ठेवा, असं २०१८ पासूनचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. मग आम्ही रात्री जेवणं झाल्यावर एकेक रंग त्या सूत्रात घालत बसलो. पिवळाधमक रंग पांढऱ्यावर १.०७ ला १, म्हणजे जवळजवळ शून्य फरक. हळदीच्या गावात राहून सांगतो, पांढऱ्या धोतरावरची हळद दिसते ती डागामुळं, पण पांढऱ्या पडद्यावर पिवळं बारीक चिन्ह दिसायचं नाही. पोपटी हिरवा, ज्याला पुतण्या लाइम म्हणतो, पांढऱ्यावर १.३७. तोच काळ्यावर पंधराच्या वर. निळा उलटा, पांढऱ्यावर साडेआठ आणि काळ्यावर अडीचसुद्धा नाही. लाल त्यातल्या त्यात बरा, पांढऱ्यावर ४ आणि काळ्यावर सव्वापाच. पण माझ्याकडं एक पोरगा कामाला होता, त्याला लाल रंग कळायचाच नाही, काळपट दिसायचा. त्याच्यासाठी काळ्यावरचा लाल म्हणजे काळ्यावर काळाच.

एकच रंग घेतलात तर तो कुठं ना कुठं बुडणार. काळा आणि पांढरा असे दोन्ही घेतलेत तर? पुतण्यानं कागदावर करून दाखवलं, मागं कुठलाही रंग येऊ दे, या दोघांपैकी एकाशी त्याचं गुणोत्तर साडेचारच्या वर निघतंच. त्या रंगाचं काळ्याशी आणि पांढऱ्याशी निघणाऱ्या दोन गुणोत्तरांचा गुणाकार नेहमी २१ येतो. २१ चं वर्गमूळ ४.५८, दोन्हीतलं मोठं त्याच्या खाली जाऊच शकत नाही. उस्ताद चौथी पास होते. त्यांना वर्गमूळ माहीत नव्हतं, बॉर्डर माहीत होती. कागद बघून मला त्यांची फार आठवण झाली.

विंडोजमध्ये बाणाचे चार प्रकार मिळतात: पांढरा, काळा, उलटा आणि रंगीत. रंगीत बाण २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आला. उलटा म्हणजे खाली जो रंग असेल त्याच्या विरुद्ध रंगाचा होणारा. ऐकायला ही युक्ती फार हुशार वाटते, मलाही वाटली. मग मी विंडोजच्या पेंट नावाच्या प्रोग्राममध्ये एक मोठा चौकोन काढून त्यात मधला करडा रंग भरला, लाल-हिरवा-निळा तिन्ही १२८. उलटा बाण त्यावर नेला आणि बाण गेला. कारण हे आकडे ० ते २५५ असतात, आणि उलटं करताना २५५ मधून १२८ गेले की १२७ येतं! करड्यावर करडा. विरुद्ध रंग मिळाला, पण बॉर्डर मिळाली नाही. फोटोचं काम करणाऱ्यांच्या पडद्यावर हा मधला करडा दिवसभर पसरलेला असतो, त्यांनी या नादी लागू नये.

रंगीत बाण पोरांना आवडतो. दुकानातल्या एकानं गुलाबी ठेवलाय, त्याची हौस. मी पिवळा लावून बघितला आणि पांढऱ्या फॉर्मवर नेला. दिसला. पण भिंग घेऊन बघा, दिसते ती त्याच्या कडेची काळी रेघ. आतला पिवळा काढून तिथं पांढरा भरला तरी तेवढाच दिसेल.

माझं मत विचाराल तर काळा. कारण सांगतो. पाटीवर अक्षराचं पोट नेहमीच्या बॅकग्राउंडसाठी असतं आणि बॉर्डर अडचणीच्या जागेसाठी. आता संगणकावर आपली नेहमीची बॅकग्राउंड कुठली? फॉर्म पांढरा, एक्सेल पांढरं, पत्र पांढरं, सातबाराही पांढरा. अशा ठिकाणी पांढरा बाण ठेवला की त्याचं सगळं पोट वाया गेलं, भार एकट्या बॉर्डरवर. आणि ती बॉर्डर केवढी? साडेएकवीस इंची मॉनिटरवर १९२० ठिपके असतील तर एक ठिपका पाव मिलिमीटर. चौदा इंची लॅपटॉपवर तेवढेच ठिपके कोंबले तर ०.१६ मिलिमीटर. झिरो नंबरच्या ब्रशनं मला एवढी रेघ आयुष्यात ओढता आली नाही. जुन्या पंधरा इंची डब्यावर आडवे १०२४ ठिपके असायचे तेव्हा हीच बॉर्डर जाड दिसायची. पडदे बारीक होत गेले तशी बॉर्डरही बारीक होत गेली. हल्लीचे लॅपटॉप आपणहून सगळं वाढवून दाखवतात हे खरं, पण एका पडद्यावर जास्त माहिती मावावी म्हणून पुष्कळ कचेऱ्यांत ते वाढवणं बंद करून ठेवतात. म्हणून काळा घ्या. पांढऱ्या फॉर्मवर त्याचं सगळं पोट दिसतं. ज्यांच्या पडद्याचं रूपच काळं केलेलं आहे त्यांनी खुशाल पांढरा ठेवावा, त्यांच्या जागी तोच बरोबर.

मोठा किती करावा याला मात्र मर्यादा आहे. मी हौसेनं पंधरावर नेला तर फावडं आल्यासारखं झालं. एक्सेलच्या कितीतरी ओळी त्याच्याखाली झाकल्या. तीन किंवा चारवर माझं भागतं.

आता डोळ्यांचं. गेल्या वर्षी मिरजेत डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा अजून व्हायचाय. त्यामुळं सध्या माझ्याकडं दोन पडदे आहेत. डाव्या डोळ्यानं बघितलं तर कागद पांढरा, थोडा निळसरच. उजव्यानं बघितलं तर तोच कागद जुन्या वहीसारखा पिवळट. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. आता समजलं, की ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं मी नेव्ही ब्लूला काळा समजून डिझाइन करत होतो आणि छपाईवाल्याला शिव्या देत होतो. त्याची माफी मागून झाली आहे. एकेक डोळा झाकून बाण बघितला. डाव्यानं काळी बॉर्डर कडक, तलवारीच्या धारेसारखी. उजव्यानं तीच बॉर्डर पेन्सिलनं काढून बोटानं पुसल्यासारखी. पडदा तोच, बाण तोच. विशीतला पोरगा डाव्या डोळ्यानं बघतो आणि आम्ही उजव्यानं, आणि तो विचारतो, काका, समोर तर आहे!

शिवाय बाणाकडं कुणी टक लावून बघत नसतं. आपण वाचत असतो भलतीकडं, बाण डोळ्याच्या कडेनं टिपायचा असतो. डोळ्याच्या कडेला बारीक रेघ दिसत नाही, हालचाल दिसते. म्हणून माणूस माउस गदागदा हलवतो. मॅकवाल्यांनी २०१५ साली त्याचाच उपयोग केला, माउस झटकला की बाण क्षणभर मोठा होतो. माझ्या थोरल्या बहिणीला काचबिंदू आहे, तिच्या नजरेची कडच गेली आहे. तिनं कितीही हलवला तरी उपयोग नाही. तिच्या संगणकावर मी दुसरी सोय चालू करून दिली. कंट्रोलचं बटण दाबलं की बाणाभोवती वर्तुळं आवळत येतात, नजर त्यांच्यामागून जाते आणि बाण सापडतो. कंट्रोल पॅनलमध्ये माउस, त्यात पॉइंटर ऑप्शन्स, सगळ्यात खालची खूण. बहीण त्याला म्हणते, ‘विहिरीत खडा टाकल्यावाणी.’ विहिरीत वर्तुळं बाहेर जातात आणि इथं आत येतात, पण ते तिला कोण सांगणार.

या बाणाचा इतिहासही पुतण्यानं सांगितला. १९६८ च्या ९ डिसेंबरला डग्लस एंगेलबार्ट या गृहस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस पहिल्यांदा लोकांपुढं चालवून दाखवला, तेव्हा बाणाचं टोक सरळ वर होतं. पुढं झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत तो तिरका झाला, कारण त्या काळच्या मोजक्या ठिपक्यांत उभा बाण नीट उमटत नव्हता. डावी कड सरळ आणि उजवी तिरकी केली की ओळखू यायचा. हे मला लगेच पटलं. चौकटीच्या कागदावर अक्षर आखून भिंतीवर चढवलेला माणूस आहे मी. तो तिरका बाण आजतागायत तसाच आहे.

वेबसाइटवाल्यांना एक विनंती. परवा एका मंगल कार्यालयाची साइट उघडली तर बाणाच्या जागी सोनेरी मोरपीस! क्रीम रंगाच्या बॅकग्राउंडवर. त्याला बॉर्डर नाही हे एक झालं. दुसरं म्हणजे, मी सेटिंग्जमध्ये निवडलेला मोठा काळा बाण तिथं चालतच नाही, साइटनं दिलेलं चित्रच येतं. आणि तिसरं, त्या मोरपिसाचं टोक कुठलं समजायचं? बाणाला टोक असतं, त्या टोकावरच्या एका ठिपक्यानं क्लिक होतं. मोरपिसाचा देठ धरायचा की डोळा? तारीख बघायला गेलो आणि तीनदा फोटोंचा अल्बम उघडला. शेवटी फोन केला.

कचेऱ्या, सेवा केंद्रं, सायबर कॅफे आणि वर्ग घेणाऱ्यांना सांगायचंय ते एवढंच. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, मग ईझ ऑफ ॲक्सेस, मग माउस पॉइंटर. ११ असेल तर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, माउस पॉइंटर अँड टच. आकार तीन किंवा चार, रंग काळा. अजून विंडोज ७ चालवणारे आहेत, मला ठाऊक आहे, त्यांनी कंट्रोल पॅनलमध्ये माउस, पॉइंटर्स, आणि यादीतून ‘विंडोज ब्लॅक, एक्स्ट्रा लार्ज’ निवडावं. नव्या मॅकमध्ये तर २०२१ पासून बाणाच्या पोटाचा आणि बॉर्डरचा रंग वेगवेगळा निवडता येतो, आमच्या धंद्यातल्यासारखा. एक लक्षात ठेवा, हे सेटिंग लॉगिनप्रमाणं वेगळं असतं. साहेबांच्या लॉगिनला लावलं म्हणजे खिडकीवरच्या संगणकाला लागलं असं होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संगणकावरच्या सोयी सर्वांना वापरता याव्यात अशी तरतूद आहे, पण कायदा काढायची वेळ येऊ नये. तीन मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही. कुणाला जमत नसेल तर गावभागात कुणालाही पेंटरचं घर विचारा, मी येऊन लावून देतो. चहा चालेल.

आणि संपादक महाशय, आपण ज्येष्ठांसाठी दर आठवड्याला जे पान देता त्यात ही सेटिंग्ज एकदा मोठ्या अक्षरांत छापा. मागल्या खेपेला त्या पानावर पोपटी पट्टीवर पांढरी अक्षरं होती. ती मी डाव्या डोळ्यानं वाचली, उजव्यानं नाही.

आपला,
एक पेंटर,
गावभाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, गिऱ्हाइकं चेष्टा करतात.)

ता.क. हे पत्र मी हातानं लिहिलं आणि पुतण्याकडून टाइप करून घेतलं. वय वर्षं पंचवीस, चष्मा नाही. गच्चीत बसून, दुपारच्या उन्हात टाइप करत होता. या एवढ्या मजकुरात तो चार वेळा म्हणाला, ‘काका थांबा, कर्सर कुठं गेला?’